अंगावर काढलेलं

ब्रोकरच्या ऑफिसात आपल्या नंबरची वाट बघता बघता त्याला डुलकी लागली होती. परदेशात येऊन वर्ष होत आलेलं, त्यामुळे पार्टिशनपलीकडून मराठी ऐकू आलं तेव्हा त्याला ते स्वप्नच वाटलं. एक आजी होत्या, आणि त्यांना आरोग्य विमा शोधून देणारी ब्रोकर मुलगी.

"आजी, याआधी काही आजार?"

"झाले की. पण सगळे अंगावर काढले."

"सगळे?"

"ताप, कंबर, एकदा तर कावीळ. दवाखान्याची पायरी म्हणून चढले नाही. हसलीस का गं?"

"माझी आईपण असंच म्हणायची. मी इथेच वाढले ना. मला वाटायचं, अंगावर काढायचं म्हणजे चित्र काढायचं."

"काय बाई तरी."

"ती तापाने पडली, की मी पेन घेऊन तिच्या हातावर फुलं काढत बसायचे. पार कोपरापर्यंत."

"आणि ती काढू द्यायची?"

"झोपेतच दुसरा हात पुढे करायची. म्हणायची, आता बरं वाटतंय."

"मग दवाखान्यात कधी नेलंत तिला?"

त्याने डोळे उघडले नाहीत.

"नेलंच नाही, आजी. विमा कुठे होता आमचा."

"अगं पोरी."

"आता मी लोकांचे विमे काढते. कावीळ कधी झाली होती, नीट आठवून सांगा."