आचारी संगं येतेच

आमच्या टीममधला प्रफुल्ल, सिहोऱ्याचा. त्याच्याशी माहं एकाच गोष्टीवरून भांडण. सॉफ्टवेअरच्या एका भागाले दुसरा भाग लागत असला, तर त्याचं नाव आपल्या फाईलमध्ये लिहा लागते. हा लिहीतच नव्हता. त्याच्या लॉगिनले तारखेचा भाग लागे, पण तो रिपोर्टच्या भागासंगं आपोआप येऊन जाये.

"येतेच ना संगं, वेगळा कायले लिहू?"

"अन् उद्या रिपोर्टवाल्यानं तो काढला तं?"

"एरर येईन तवा पाहू."

माहं डोकंच फिरे.

मग त्याच्या बहिणीचं लग्न आलं. मी सकाळीच पोचलो. मांडव झकास, चुली खणलेल्या, वांगे पोत्यानं येऊन पडलेले. पण आचारीच नाही. त्याचे बाबूजी लालेलाल झाले होते.

"आचाऱ्याले सांगतलं होतं काय बे?"

"तो मांडववाल्याच्या गाडीत येतेच ना, बाबूजी. आपल्या घरच्या दर कार्यात तसाच आला."

"यंदा मांडववाला कोणं बदलला?"

"मीच."

"अन् आचाऱ्याले कोण सांगन? वरात येऊन राहिली, लोकायले कच्चे वांगे वाढू काय?"

प्रफुल्लनं हळूच माह्याकडं पाहिलं अन् म्हणे, "तू काही बोलू नको."

म्हटलं, "मी कायले बोलू? एरर येईन तवा पाहू, म्हणे ना? पाहून घे आता. बाबूजीच एरर देऊन राहिले."