विमलकाकींचे उरलेले चार आठवडे

आण्णा, विमलकाकींच्या घरची सगळी मंडळी, मुख्याध्यापक सर, शाळा समितीचे सभासद, माझे सहकारी, आणि मागे सतरंजीवर बसलेली सहावी, सातवी, आठवीची माझी मुलं...

मला नीट बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. अकरा वर्षं मी या शाळेत मराठी शिकवते आहे. या हॉलमध्ये कितीतरी भाषणं केली, मुलांकडून पाठ करून घेतली. आज मात्र हातात कागद नाही. काल लिहायला बसले होते. पहिल्याच ओळीत "विमलकाकी होत्या" असं लिहावं लागलं. पेन ठेवून दिलं.

आत येताना एकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, चार चांगले शब्द बोला. आजचा दिवस वादाचा नाही."

मी त्यांची क्षमा मागते. वाद काकी जिवंत असतानाच सुरू झाला होता, आणि तो त्यांना अर्धवट सोडून जावा लागला. मग तो आज इथं नाही बोलायचा तर कुठं बोलायचा?

काकी तुम्हाला कशा ठाऊक आहेत? बहुतेकांना आण्णांच्या मालकीण म्हणून. पाँडिचेरीहून परत आलेल्या काकी म्हणून. मी वाईची. लग्न होऊन विट्याला येईपर्यंत गलाई म्हणजे काय हेही मला माहीत नव्हतं. सोनं गाळून शुद्ध करून देण्याचं काम, आणि त्या कामासाठी इथल्या घराघरातली माणसं देशभर पांगलेली. आण्णांचं दुकान पाँडिचेरीत. काकी एकोणिसाव्या वर्षी लग्न करून तिकडे गेल्या. ना तमिळ येत होती, ना इंग्रजी. बाजारात भाजीकडे बोट दाखवायच्या.

वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. म्हातारी, एकटी, शाळेतून निवृत्त झालेली फ्रेंचची शिक्षिका. व्हरांड्यात शिकवणी घ्यायची. काकी तांदूळ निवडायला घेऊन तिथं बसायच्या, माणसांचा आवाज कानावर पडावा म्हणून. एक दिवस म्हातारीनं मुलांना प्रश्न विचारला आणि उत्तर कोपऱ्यातून आलं. तांदूळ निवडणाऱ्या बाईकडून. त्या दिवसापासून म्हातारीनं त्यांना सोडलं नाही. काकींनी फ्रेंचच्या परीक्षा एकामागून एक दिल्या. दोन पोरं वाढवत दिल्या. म्हातारी गेल्यावर तोच व्हरांडा काकींनी चालवला, दुकान मुलाच्या हाती सोपवून आण्णांसोबत इकडे परत येईपर्यंत.

आण्णा, यातलं काही चुकलं असेल तर मला थांबवा.

गेल्या वर्षी काकी शाळेत आल्या. म्हणाल्या, कार्यानुभवाचे दोन तास मला द्या, मंगळवार आणि शनिवार. सहावी ते आठवीतल्या ज्यांना हवं त्यांना मी फ्रेंच शिकवते. मला पगार नको.

समितीची बैठक झाली. एक सभासद, नाव घेत नाही, इथंच बसले आहेत, ते म्हणाले, "आवं काकी, फ्रेंच शिकून पोरं काय फ्रान्सात द्राक्षं इकणार व्हय?"

सगळे हसले.

काकी म्हणाल्या, "इकली तर इकली की. तुमच्या पोटात का दुखतंय?"

खोटं बोलणार नाही. त्या हसण्यात मीही होते. आणि हसून थांबले नाही. मी उठून विरोध केला. म्हटलं, या मुलांना सातवीत आली तरी ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, मराठी धड लिहिता येत नाही, त्यांच्या डोक्यावर आणखी एक भाषा कशाला? शिवाय काकींकडे बी.एड. नाही. हे माझे शब्द. माझेच. सरांच्या वहीत नोंद असेल.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमच्या सातवीत किती भाषा हायत?"

"तीन," मी म्हटलं. "मराठी, हिंदी, इंग्रजी."

"मोजल्यात व्हय?"

मला राग आला. खूप राग आला. त्यांनी तेवढ्यावर सोडलंही नाही. म्हणाल्या, "पयलं सहा आठवडं मला द्या. ह्या बाईंनी शेवटच्या बाकावर बसून बघावं. सहा आठवड्यांनी जमलं न्हाई म्हनल्या, तर मी सोताहून बंद करीन."

समितीनं हो म्हटलं. सगळ्यांच्या साक्षीनं. सहा आठवडे. हा शब्द कोणाचा होता? काकींनी मागितला, पण दिला आपण.

यंदाच्या मे महिन्यात मी आणि काकी रोज सकाळी सातवीच्या वर्गात बसायचो. शाळा रिकामी. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू. सहा आठवड्यांत काय काय घ्यायचं ते ठरवायचं होतं. मी घरून रंगीत पुठ्ठ्यावर फ्रेंच मुळाक्षरांचा तक्ता करून नेला होता. दोन दिवस खपले होते. काकींनी तो हातात घेतला, डोळे भरून पाहिला. "झ्याक झालाय. पाचव्या आठवड्यात लावू."

"पाचव्या? मग पहिल्या आठवड्यात काय?"

"बोलायचं. वही न्हाई, पेन न्हाई."

मी वाद घातला. वहीशिवाय वर्ग कसला? पालकांना काय दाखवायचं? काकी म्हणाल्या, "लिवाय लागली की पोरं वहीत बघत्यात. मला त्येंनी माझ्या तोंडाकडं बघाय पायजे."

प्रत्येक गोष्टीवर असं व्हायचं. फ्रेंचमधला र घशातून येतो. मी म्हटलं, पहिल्याच दिवशी नीट करून घेऊ, नाही तर चुकीची सवय लागेल. काकींनी मान हलवली. "घशातनं आवाज काढाय लावला की वर्ग हसतो. आन जे पोरगं लाजरं हाय, ते पुन्ना वरीसभर तोंड उघडत न्हाई. र चौथ्या आठवड्यात."

"तोपर्यंत चुकीचा म्हणू द्यायचा?"

"म्हनू द्या की. आपला र काय वाईट हाय व्हय?"

मी मराठीची एम.ए. आहे. अकरा वर्षं व्याकरण शिकवते. आणि त्या बाकावर बसून मी माझीच भाषा नव्यानं शिकत होते. मुलांनो, पुढं जूनमध्ये तासाला काय झालं, तुम्हाला आठवतं ना? वस्तूंना लिंग असतं हे इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला सांगताना घाम फुटतो, असं काकी म्हणायच्या. तुम्हाला सांगावं लागलं नाही. खुर्ची आपल्याकडे ती, तिकडेही ती. वही मात्र तिकडे तो. "तो वही!" म्हणून सगळा वर्ग हसला होता. तिसऱ्या आठवड्यासाठी "तू" आणि "तुम्ही" ठरलं होतं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, फ्रेंचमध्ये दोन. काकी म्हणाल्या होत्या, "आपल्या पोरास्नी ह्ये शिकवायचं न्हाई. आठवण करून द्यायची निस्ती. हेडसरांना तू म्हनून बघ म्हनावं, लगीच फरक कळतोय."

सर, हसलात तरी चालेल. काकींना आवडलं असतं.

मग जून आला आणि पहिला तास. मी शेवटच्या बाकावर. खरं सांगते, चुका शोधायला बसले होते. काकींनी फ्रेंचचा एक शब्दही उच्चारला नाही. खडू घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या घरात, तुमच्या बापाच्या दुकानात, आज्या-आजीच्या गावात, काय काय बोलत्यात? सांगा एकेकानं."

मराठी. हिंदी. मग कुणी म्हणालं, कानडी, आजोळ तिकडचं आहे. कुणी तेलुगू. एकाचे वडील कोलकात्यात, त्यानं बंगालीत वीसपर्यंत अंक म्हणून दाखवले. फळा भरत होता.

कोमल, तुझं नाव घेऊ का? घेते.

कोमल कोईमतूरहून गेल्या वर्षी सहावीला आली. वर्षभर माझ्या तासाला ती एक वाक्य बोलली नाही. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, "अबोल आहे. मराठी कच्ची." लाल शाईनं लिहिलं. त्या दिवशी काकींनी तिला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. आणि ही मुलगी उभी राहिली आणि बोलायला लागली. थांबेचना. हातवारे काय, हसणं काय. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं आणि वर्गात कुणी हालत नव्हतं. ती खाली बसल्यावर काकी म्हणाल्या, "हिला चार भाषा येत्यात. ही पाचवीला भिईल व्हय?"

फळ्यावर सात भाषा होत्या. सात. मी तीन मोजल्या होत्या.

त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. काकींना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. दोन आठवड्यांत चार तास झाले आणि चारही तासांना मी पुढं जाऊन म्हणू शकले असते की काकी, मी चुकले. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिले. आज एवढ्या लोकांसमोर सांगते आहे. काकी, मी चुकले.

गेल्या मंगळवारी तिसऱ्या आठवड्याचा पहिला तास होता. काकी तयार होऊन उंबऱ्यापाशी आल्या. पिशवी खांद्याला होती. आण्णांना म्हणाल्या, जरा पाणी द्या. आण्णा पाणी घेऊन आले तोवर त्या उंबऱ्यावर टेकल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. इकडे दुसऱ्या तासाची घंटा झाली. मुलं वर्गात वाट पाहत होती. मी शेवटच्या बाकावर वाट पाहत होते. मग शिपाईमामा दारात आले आणि त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं.

बुधवारी शाळेला सुट्टी दिली. आणि गुरुवारी सकाळी, अजून शोकसभेचा दिवसही ठरला नव्हता, फलकावर एक कागद लागला. "फ्रेंचचा तास पुढील सूचना मिळेपर्यंत बंद करण्यात येत आहे."

हा तो कागद. मी काढला. सर, तुम्ही शिपाईमामांना विचारत होतात ना, कुणी काढला? मी. नोटीस द्यायची तर मला द्या.

त्याच दिवशी स्टाफरूममध्ये एक वाक्य माझ्या कानावर आलं. "बाई गेली, विषय संपला."

विषय संपलेला नाही.

एका बाईनं एकटीनं एवढं उभं केलं, आणि आपण सगळे मिळून तिच्या मागं चार आठवडे ते चालवू शकत नाही? तिचं दुःख करायला आपण एवढे जमलो. तिचं काम करायला कुणीच नाही? मंडळी, माणूस जाणं आपल्या हातात नाही. हा कागद आपण लावला. हातानं लावला. तो काढणंही हातातलंच आहे.

शुक्रवारी आण्णा स्वतः शाळेत आले. कापडी पिशवीतून काकींची दोनशे पानी वही काढली. म्हणाले, "बाई, ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला ती वाचता येत न्हाई, आन घरात ठिवली तर दिवसभर उघडून बसीन." आण्णा, त्या वहीत सहाही आठवड्यांचा प्रत्येक तास लिहिलेला आहे. कुठल्या मुलाला कधी उठवायचं तेसुद्धा. पहिल्याच पानावर लिहिलंय, "पहिले दोन आठवडे कुणालाही चूक म्हणायचं नाही." खाली रेघ मारली आहे. दोनदा.

आण्णा निघाले आणि पाचच मिनिटांत सहा मुली स्टाफरूमच्या दारात. पुढं कोमल. तिनं मला मराठीत विचारलं, स्वच्छ मराठीत, "बाई, तिसऱ्या आठवड्यात काय होतं?"

काय सांगायला हवं होतं मी तिला? पुढील सूचना मिळेपर्यंत थांब?

मला फ्रेंच येत नाही. दोन आठवड्यांचं येतं, तेही मुलांइतकंच. म्हणून काकींच्या मुलाशी बोलले. त्यानं पाँडिचेरीला काकींच्या व्हरांड्यात शिकलेल्या एका बाईंशी जोडून दिलं. त्या आज तिथं स्वतः फ्रेंच शिकवतात. तासाच्या आदल्या दिवशी त्या फोनवर माझ्याकडून सगळं म्हणवून घेणार आहेत. कालच पहिली शिकवणी झाली. त्यांनी मला अकरा वेळा थांबवलं. मी अकरा वेळा पुन्हा म्हटलं.

समितीच्या सभासदांना माझं सांगणं आहे. विनंती नाही, सांगणं. तुम्ही सहा आठवडे दिलेत. दोन झाले. चार बाकी आहेत. ते चार आठवडे काकींचे आहेत आणि ते परत घ्यायचा अधिकार कुणालाही नाही. सहावा आठवडा संपला की या. शेवटच्या बाकावर जागा आहे. मुलांना हवं ते विचारा आणि मग ठरवा. जमलं नाही असं तेव्हा तुम्हाला वाटलं, तर मी वाद घालणार नाही. पण त्याआधी कुणी फलकावर कागद लावला, तर मी तो काढणार. पुन्हा लावला, पुन्हा काढणार.

मुलांनो, परवा मंगळवारी, दुसरा तास, सातवीचा वर्ग. मी तिथं असेन. माझं चुकेल. खूप चुकेल. तुम्ही हसा, पण येऊन हसा.

विमलकाकी, माझा तुम्हाला वाकून नमस्कार.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. मान खाली घालून नको. आण्णांकडे बघू, या मुलांकडे बघू, आणि गप्प उभे राहू.

उठा.