निर्णय तुमचा म्हणे!

नाही, पण मला सांगा, इतकी वर्षं शिकलेला माणूस कोण? तो डॉक्टर! भिंतीवर चार-चार सर्टिफिकिटं कुणाची? त्याची! आणि मला काय सांगतो? चष्मा पुसत, गोड आवाजात, “काका, निर्णय तुमचा!” अहो, मी शिंपी माणूस! प्रोस्टेट नावाचं काही आपल्या आत असतं हे कळलं तेच मुळी ते बिघडल्यावर. कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय, आणि आता ऑपरेशन की रेडिएशन हे ठरवणार कोण? तर मी! ज्यानं स्वतःचा शर्टसुद्धा बायकोला विचारल्याशिवाय शिवला नाही, तो!

तुम्हाला सांगतो, दोन्हीकडे जाऊन आलो. ऑपरेशनवाला म्हणाला, “एकदाच काय ते काढून टाकू. मात्र पुढे काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही... आणि ते... वैवाहिक...” आणि खिडकीबाहेर बघायला लागला. आमची ही म्हणाली, “ते राहू द्या, पुढचं बोला!” मग गेलो रेडिएशनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे. “कापाकापी काही नाही हो! फक्त महिनाभर रोज यायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि मशीनखाली धरून ठेवायचं.” धरून ठेवायचं? मी? बाई, ते जमत असतं तर इथे कशाला आलो असतो! म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे पाणीच! शेवटी विचारलं, “तुमच्या वडिलांना झालं असतं तर?” बाई हसल्या. “प्रत्येकाचं वेगळं असतं, काका. निर्णय तुमचा!”

दुकानात तर विचारू नका. माप देता देता शाळेतले मास्तर म्हणतात, “माझ्या साडूनं ऑपरेशन केलं, ठणठणीत आहे!” लगेच फॉल लावायला आलेल्या बाई, “छे हो, आमच्या भाऊजींनी शेक घेतले, पोहायला जातात!” ऐकता ऐकता मी मास्तरांच्या पँटचा एक पाय चार इंच आखूड कापला! तेही म्हणाले, “असू द्या, तब्येत सांभाळा. बाकी निर्णय तुमचा!”

खरं सांगू? भीती वाटत होती हो. कापड चुकलं तर दुसरं आणता येतं... काल हिनं दोन्ही फायली कटिंगच्या टेबलावर मांडल्या. दोन कापडांत गिऱ्हाईक अडकलं की आम्ही दोन्ही समोर टाकतो आणि हात कुठे जातो ते गुपचूप बघतो. तोच डाव माझ्यावर! “अहो, डोळे मिटा आणि हात ठेवा.” मिटले. तर हात गेला तो थेट हिच्या हातावर! हिचेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू? पण म्हणाली काय? “मी कुठे पळून चालले नाहीये. फाइल उचला!”

उचलली. ऑपरेशनची. आता सोमवारी टेबलावर मी, आणि कात्री त्या ऑपरेशनवाल्याच्या हातात... आणि मला तर तोंडही उघडता येणार नाही हो! ‘कापताना गिऱ्हाइकानं मधे बोलू नये’ ही पाटी चाळीस वर्षं माझ्याच दुकानात लटकतेय!