सर्वेवाल्याचा चहा

आमच्या मायचा टीव्हीवरच्या सर्वेवर भरोसा काहून नाही, ते सांगतो तुमाले. आमच्या गावी, किन्हीराजाले, घरी एक सर्वेवाला आला होता. त्यानं मायले विचारलं, "मावशी, नळाले पाणी बराबर येते का?"

माय म्हणे, "येते ना भाऊ. सारं मस्त हाये."

नळ तर कवाचा कोरडा होता. तो गेल्यावर मी चिडलो, "खोटं कायले सांगतलं त्याले?"

"घरी आलेल्या पाहुण्यापुढं रडगाणं गावाव का?"

मंग त्याच्यासाठी केलेला उरलेला चहा आमी प्यालो. साखर टाकाचीच राह्यली होती.

माय हसत सुटली. "मी त्याले विचारलं होतं, चहा कसा झाला. एक नंबर म्हणे."

तवापासून टीव्हीवर सर्वेचे आकडे आले, का माय विचारते, "ह्या लोकायच्या चहात साखर होती का रे?"