टॅम्सिन स्वतंत्र आहे म्हणे

अहो, पोरगी स्वतंत्र आहे हे ठरवायला घरच्या म्हाताऱ्याची साक्ष लागते, हा कुठला न्याय, तुम्हीच सांगा! आमची नात टॅम्सिन, वय एकोणीस, नर्सिंग शिकायला सिडनीला निघालेली, आणि सरकारी भत्ता हवा तर बावीसच्या आतल्यांनी आधी दाखवायचं की घरात त्यांना कुणी पोसत नाही. घरात कोण? मी! तिची आई गेली तेव्हापासून आम्ही दोघंच, आणि एक बहिरा कुत्रा. म्हणे स्वतंत्र!

आता तुम्हाला सांगतो, फोनवर मी कधी स्वतःचं नाव सांगितलेलं नाही, दर वेळी काहीतरी थाप. मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये कामाला होतो, तेव्हाची जुनी खोड. पोरगी बजावून गेली, "आजोबा, आज भत्त्याच्या कचेरीतून फोन येईल, आज तरी माणसासारखा बोल हं!" फोन वाजला… आणि मी आपला, "नमस्कार, मेंढ्यांचं बाळंतघर!"

पलीकडे बाई, थंडगार. "मिस्टर डगन, हे बोलणं रेकॉर्ड होतंय. टॅम्सिनचा स्वयंपाक कोण करतं?"

"तीच. माझाही."

"कपडे कोण धुतं?"

"तीच. माझे मोजेसुद्धा जुळवते."

"कामावर कोण सोडतं?"

"अहो बाई, माझं लायसन काढून घेतलंय, डॉक्टरकडे मलाच ती नेते! पहाटे बेकरीत जाते, जाताना माझा चहा बशीनं झाकून…"

"म्हणजे ती तुमच्यावर अवलंबून नाही?"

आता बघा हां! सत्तर वर्षं थापा मारल्या. पाद्र्याला मारल्या, पोलिसाला मारल्या, बायकोला तर लग्नातच मारली! आता फक्त एक मारायची, "आहे हो, माझ्यावाचून तिचं पान हलत नाही"… की भत्ता बुडाला, पोरगी घरात! अगदी ओठांवर आली होती… तेवढ्यात दाराशी तिची भरलेली बॅग दिसली, वर माझा जुना स्वेटर, न विचारता ढापलेला. तोंडातून निघालं, "नाही हो. अजिबात नाही." म्हणे स्वतंत्र!

मंजूर झालं. सोमवारच्या बसनं गेली. "दर रविवारी फोन करीन, आजोबा!" करेल हो, शब्दाची पक्की आहे. मी पण ठरवलंय, वाजला की सरळ सांगायचं, "क्लॅरी डगन बोलतोय." कुत्र्यासमोर सराव चालू आहे, छान जमतंय…

पण आज मंगळवार हो!