बांधावरचं रेगे

मनोज : ...जेवणपण त्यातच आलं, वहिनी. हा पट्टा मनगटाला बांधला की गेटवर कुणी अडवत नाय. रिसॉर्टवाल्यांनी दोन दिलेत. एक माझा, एक याचा.

छाया : मग मला काय दाखवताय भावजी? ज्याचा हाय त्याला दाखवा. ते काय, समोर बसलेत. वर्षभर तोंडात मूग धरून बसलेले, आज वालाच्या शेंगा घेऊन बसलेत.

मनोज : गजा, ऐकतोस ना? पाचला सुरू. यंदा रेगे वाजवणारे चार बँड आहेत. शिलाँगचा एक, केरळचा एक, गोव्याचा तो आपला जुनाच, आणि एक थेट जमैकाचा म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

गजा : छाया, याला चहा दे. लांबनं आलाय, चौक गावावरनं.

मनोज : चौक काय लांब आहे? अर्ध्या तासाचा रस्ता.

गजा : वर्ष लागलं तुला.

छाया : झालं सुरू. मी आधण ठेवते, तोवर भांडून घ्या एकदाचं. भावजी, तुमाला सांगते, वर्ष झालं या घरात रेगेचं नाव काढायची चोरी झालीय. आदी नुसतं डोकं खायचे माझं. भाकरी थापताना पाठीमागं उभं राहून तोंडानं ढूम ढूम करायचे. आता वाटतं, ते बरं होतं.

मनोज : तुम्हाला तर कधी आवडलं नाय ते.

छाया : मला आपला हळदीचा डीजे कळतो. ठेका पडला की पाय उचलायचा. ह्यांच्या त्या गाण्यात ठेका पडायला पायजे तिथं पडतच नाय, आन आपण पाय खाली ठेवला की मागनं पडतो. माणूस तोंडावर आपटंल.

गजा : तेच तर गं! तेच तर त्यात हाय. तो थांबतो म्हणून तर बरं वाटतं.

मनोज : बघ. बोललास.

गजा : तिच्याशी बोललो.

मनोज : पहिलं साल आठवतं? वालाच्या राखणीला होतो दोघं. डुकरं यायची रोज. आणि पलीकडं रिसॉर्टात हे असलं सुरू झालं. तू काठी घेऊन उठलास, म्हणालास, जाऊन सांगतो बंद करा.

गजा : तू म्हणालास, थांब, ह्या आवाजानं डुकरं तरी पळतील.

मनोज : डुकरं पळाली. आपण बसलो.

गजा : बसलो ते बसलोच.

मनोज : आठ वर्षं रं. त्यात कोरोनाची दोन वर्षं तिकडं सगळं बंद, तरी बांधावर बसलो. मी मोबाइलवर लावलं, तर तू म्हणालास, ह्याच्यात घुमारा नाय. मग मोबाइल मडक्यात ठेवला.

गजा : पोपटीचं मडकं होतं ते, वालाच्या शेंगा भाजायचं. पुढची पोपटी मोबाइलासारखी लागली.

छाया : घ्या चहा. आन दोघांपैकी कुणीतरी मला एकदा सांगा. भिंतीपलीकडनं तुमाला गाणं तरी ऐकू यायचं का? मी एकदा आले होते डबा घेऊन, तर नुसती धडधड. शब्द नाय, काय नाय.

मनोज : नुसता बेसच यायचा, वहिनी. बाकी सगळं भिंतीपलीकडंच राहायचं. त्यामुळं आम्हाला गाण्यांची नावंच नाय ठाऊक. आम्हीच ठेवली. एक 'पंपाचं'. एक 'म्हातारा चढण चढतो'. एक 'धोंडीची म्हैस'.

गजा : 'धोंडीची म्हैस' मधीच उभी राहायची. अर्धा मिनिट. मग चालायला लागायची.

मनोज : आणि पोपटी त्याच्यावरच शिजायची. मडकं पालथं घातलं, पेंढा पेटवला, की सहा गाणी मोजायची. सहावं संपलं की मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं. चर्र झालं की काढायची. एकदा चुकली नाय.

छाया : म्हणून हे मला भाताला किती शिट्ट्या विचारतात, आन मी तीन म्हटलं की म्हणतात, कसल्या गाण्याच्या तीन?

मनोज : गजा, चल ना. मी गेल्या साली आत जाऊन आलो. एकटाच. पासपण दोन होते, एक खिशातच राहिला. तुला आत काय काय आहे ते सांगायचं होतं, पण सांगणार कुणाला?

गजा : काय होतं?

मनोज : शब्द ऐकू आले पहिल्यांदा.

गजा : कळले?

मनोज : नाय.

गजा : मग?

मनोज : मग काय. तो गाणी लावणारा पोरगा होता ना, कानाला हेडफोन लावलेला, त्याच्यापाशी गेलो. म्हटलं, 'पंपाचं' लाव. त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. म्हटलं, अरे, ते पाणी उपसायचं. त्यानं मला बाटली दिली पाण्याची.

छाया : अगंबाई!

मनोज : हसू नको रं.

गजा : मी नाय हसलो.

छाया : हसलात. मी बघितलं.

मनोज : मग 'म्हातारा चढण चढतो' लागलं. गोव्याच्या बँडनंच वाजवलं. छातीत घुमलं बघ, भिंत मधी नव्हती ना. आणि मी बाजूला वळलो, 'गजा' म्हणायला. तर बाजूला एक टोपीवाली पोरगी. तिनं हसून मला वाट दिली. तिला वाटलं, मला पुढं जायचंय. आत सगळे डोळे मिटून नाचतात, गजा. कुणी कुणाकडं बघत नाय. आपण तर सारखे एकमेकांकडं बघायचो. आला, आला, आता थांबणार बघ, असं.

गजा : हं.

मनोज : चौकला ब्लॉकमधी मोठा स्पीकर आणला. वाजवला, तर खालचे बुधाजीकाका काठीनं छत ठोकतात. तेपण भलत्याच ठेक्यात. दुकानात टायर बदलताना लावलं, तर कस्टमर म्हणतो, शेठ, काहीतरी चालूमधलं लावा. आमची जया म्हणते, तुमचं हे गाणं संपलं की दुसरं सुरू झालं ते कळतच नाय. मी बंदच केलं.

गजा : आमचा विपुल दिवसभर कानात बोळे घालून असतो. त्याला एकदा ऐकवलं. पूर्ण ऐकलंन. मग म्हणाला, छान हाय पप्पा. संपलं. 'छान हाय' म्हटल्यावर पुढं काय बोलायचं माणसानं?

मनोज : म्हणून म्हणतो, चल.

गजा : मनोज, जमिनीचं माझं काय म्हणणं नाय. तुझी होती, तू रिसॉर्टला इकलीस. तिघा भावांच्या सह्या झालेल्या, तू एकटा किती अडून बसणार? ते समजतं मला. पण आपलं कधी फोन करून ठरलं नाय. तारीख आली की बांधावर. वाल माझे, अंडी-बटाटे तुझे. तसाच मी गेलो गेल्या साली. मडकं खांद्यावर, त्यात घालायचा भांबुर्डीचा पाला काखेत. आन बांधच नाय. भिंत. रिसॉर्टची, पुढं सरकलेली, पांढरी, वर फुलाची चित्रं. मी येड्यासारखा हात लावून बघितला भिंतीला.

मनोज : मला वाटलं तुला माहीत असंल. अख्ख्या गावाला माहीत होतं.

गजा : मी दिवाळीपासनं खोपोलीला कंपनीत. तिकडं रानात कोण गेलंय? आन गावाला वाटलं, मनोजनं गजाला सांगितलंच असंल. दोघं एका ताटातले, मधी आपण कशाला तोंड घाला? म्हणून कुणी सांगितलं नाय. सगळ्यांना ठाऊक, आन मी मडकं घेऊन उभा.

मनोज : दोनदा निघालो होतो सांगायला. एकदा दहिवलीच्या नाक्यापर्यंत आलो. तिथं वडापाव खाल्ला आणि परत गेलो. काय सांगणार होतो? मोजणीवाल्याला म्हटलं होतं, बाबा, एवढा बांध सोडून खांब रोव. हो म्हणाला. पण कागदावर बांध थोडाच वेगळा लिहिलेला असतो?

गजा : तू मला बोलायचंस. मी काय केलं असतं? दोन शिव्या दिल्या असत्या. मग दुसरी जागा बघितली असती दोघांनी.

मनोज : चुकलं माझं. तेच सांगायला आलो. आणि...

गजा : झालं ते झालं.

मनोज : मग येतोस?

गजा : पट्टा बांधून? आपल्याच बांधावर पाव्हणा म्हणून? नाय जमायचं मला. तू जा. चांगलं ऐक.

मनोज : पट्टा ठेवून जातो.

गजा : घेऊन जा.

मनोज : राहू दे रं. फाडून टाक पायजे तर. येतो वहिनी. चहा बेस झाला होता.

छाया : भावजी, थांबा ना. जेवून तरी... अवो, ते चालले.

(मनोजच्या मोटरसायकलचा आवाज लांब जातो.)

छाया : सुंभ जळला तरी पीळ जात नाय, तो असा. माणूस दारात येऊन चुकलो म्हणाला. आनखी काय नाक घासायला पायजे होतं त्यानं?

गजा : तू मधी पडू नको.

छाया : मी कधी पडले? वर्षभर बघतेय. संध्याकाळची कामं आटपली की तुमी ओट्यावर बसून बोटानं पाट वाजवता. मी बाहेर आले की हात मांडीखाली घालता. मला काय दिसत नाय?

गजा : तुला काय सांगू गं? घरात भरलं गोकुळ हाय, कुणाविषयी तक्रार नाय. पण एक गोष्ट अशी हाय का ती बोलायला माणूसच नाय. भूक लागली तर सांगता येतं. ह्याचं काय सांगायचं?

छाया : ते माणूस आलं होतं आत्ता. घालवलंत. आन आता सोमवारनंतर बसा हाका मारत.

गजा : सोमवारी काय हाय?

छाया : त्यांचा साईराज पुण्याला नेतोय आईबापाला. सोमवारी टेंपो येतोय सामानाला. टायरचं दुकानपण दिलं दुसऱ्याला. परवा जयावहिनींचा फोन आलेला, भांडी बांधत होत्या. तुमाला नाय बोलले भावजी?

गजा : नाय.

छाया : मला वाटलं ते सांगतील.

गजा : त्यालाबी तसंच वाटलं होतं गेल्या साली. माझ्याबाबतीत सगळ्यांना असंच वाटतं. दुसरा सांगंल.

छाया : सांगायलाच आले असतील. 'आणि' म्हणून थांबले, तेव्हा तुमी म्हणालात, झालं ते झालं.

गजा : माझा फोन कुठं हाय?

छाया : हा घ्या. आन शेंगा ठेवा खाली, मग बोला.

गजा : हॅलो. गाडी चालवतोस का?

मनोज : नाय. थांबलोय. तुमच्या वळणाच्या पुढंच.

गजा : का?

मनोज : असाच.

गजा : पुण्याला जातोस म्हणं.

मनोज : वहिनी बोलल्या? हां. पोराचं म्हणणं पडलं. इथं दोघंच काय करता म्हणतो. त्याचंपण बरोबर आहे.

गजा : तिथं असतं का रं हे? रेगे?

मनोज : असंल की. पुण्यात काय नसतं?

गजा : थांब तिथंच. शर्ट बदलतो आन येतो.

मनोज : खरंच येतोस?

गजा : येतो. पण आत पाय टाकायच्या आदी एक सांगायचंय. तोंडावर नाय सांगता येणार, म्हणून फोनवर सांगतो. गेल्या साली मी भिंत बघून घरी नाय आलो. मागं ओढ्याच्या अंगाला गेलो, जनरेटरपाशी. तिथं बसून पोपटी लावली. एकट्याची पोपटी कुणी लावतं का? पण लावली. उजेड होता अजून. आन दोन गाण्यांच्या मधी तू आतनं हाळी दिलीस. राखणीला द्यायचो तशी, लांब. माझ्या नावाची. मी ऐकली, मनोज. चांगली ऐकली. उत्तर नाय दिलं.

मनोज : ठाऊक आहे मला.

गजा : तुला कसं ठाऊक?

मनोज : भिंतीवरनं तुझा धूर दिसत होता. भांबुर्डीचा वास आला, म्हटलं, गजाच. म्हणून तर हाळी दिली. हाळी दिली आणि धूर तुटला. जाळावर माती टाकलीस ना?

गजा : टाकली.

मनोज : मी बराच वेळ तिकडंच बघत राहिलो. मागं कुठला बँड वाजत होता, ते विचारू नको.

गजा : एवढं ठाऊक होतं, तरी आज माझ्या दारात आलास?

मनोज : वर्षभर एकटा ऐकून बघितलं रं. गोडच लागंना.