मशीन म्हणतं मी खचले

आता तुम्हीच सांगा, पोटच्या पोरीनं आईला विचारायचं की फोनला? मला विचारायचं ना!

झालं काय, पोरगी माझी कॉम्प्युटरवाली. म्हणाली, "आई, आम्ही मशीनला शिकवतोय. माणसाचं बोलणं ऐकून ते आधीच सांगणार, कोण खचणार, कोणाला धास्तीचा आजार जडणार. तू रोज संध्याकाळी फोनपुढं दिवसभराचं बोल." मी चौथी पास बाई, म्हटलं लेकीच्या कामाला माझी जीभ तरी लागतेय... बोलले की मनमोकळं. लाँड्रीत सकाळपाळीला उभ्यानं इस्त्री करणारी बाई काय बोलणार? "चादरी ओढून ओढून मेले बाई आज. त्या सुपरवायझरनं जीव खाल्ला. घरी येते तर नवरा टीव्हीपुढं, म्हटलं जाळा मला एकदाचं." आपण सगळ्याच बोलतो ना असं? बोललं की हलकं वाटतं, दोन घास जास्त जातात.

मशीननं माझं एकूण एक 'मेले' खरं धरलं. पोरीच्या फोनवर लाल दिवा!

बरं, मला विचारायचं ना? नाही. पोरीनं आधी जावयाला सांगितलं. जावई असे हळू बोलायला लागले, जशी काही मी काचेची, "आई, तुम्ही आराम करा हं. छकुलीला आम्ही पाळणाघरात ठेवतो." अहो, रोज दुपारी माझ्या मांडीवर झोपणारी नात ती! आणि नवऱ्यानं सुरी लपवली. कांदा काय दातानं चिरू?

भांडले पोरीशी. "अगं, मेले म्हणजे दमले!" तर म्हणते, "आई, चिडचिड हेही लक्षणच असतं." घ्या. आणि गप्प बसले, तर तेही लक्षण.

मग मीच शहाणी झाले. रोज फोनपुढं साखरेत घोळून, "आजचा दिवस छान गेला. सुपरवायझर फार प्रेमळ आहेत." झाला दिवा हिरवा. पण तोवर छकुली पाळणाघरात रुळली. "आता कशाला हलवायची तिला?" म्हणे. आता दुपारी घरात शिरवत नाही मला. ताट वाढून घेते नि तशीच बसते. 'मेले' म्हणायलासुद्धा जीभ उचलत नाही.

काल पोरीनं विचारलं एकदाचं, "आई, कशी आहेस गं?" मी तोंड उघडेपर्यंत तिनं फोन बघितला. "राहू दे, हिरवंच आहे."

मग काय... मीपण म्हटलं, हो बाई, हिरवंच आहे.